अवजड वाहन-उचल गाडीवरील क्रेन व विंच यांचे सुरक्षित चालन : आबिड्स (हैदराबाद) परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

हैदराबादमधील आबिड्स हा भाग सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सेवेत असलेल्या आल्बर्ट आबिद या व्यापाऱ्याच्या दुकानावरून ओळखला जाऊ लागला. दुकान केव्हाच नाहीसे झाले, नाव मात्र राहिले. आज जनरल पोस्ट ऑफिस, नेहरूंचा पुतळा असलेला चौक, मोझमजाही मार्केट, नामपल्ली स्टेशनचा रस्ता आणि कोठीकडे जाणारा रस्ता यांच्यामध्ये हा परिसर दाटीने वसलेला आहे. जवळच गौलीगुडा येथे महात्मा गांधी बसस्थानक आहे, तर अफजलगंजला उस्मानिया रुग्णालय. गणेश विसर्जनाची मुख्य मिरवणूकही चारमिनार, अफजलगंज, मोझमजाही मार्केट, आबिड्स, बशीरबाग या मार्गानेच हुसेनसागराकडे जाते. अशा रस्त्यावर एखाद्या बसचा ॲक्सल तुटला किंवा मालाने भरलेला ट्रक खचलेल्या गटारात चाक घालून बसला, तर मागे अडकलेल्या वाहनांत रुग्णवाहिकाही असते. त्यामुळे ‘लवकर उचला’ असा दबाव सर्व बाजूंनी येतो. या कामातील बहुतेक अपघातांचे मूळ याच घाईत असते आणि त्यात बहुधा हेल्परचाच हात, पाय किंवा जीव जातो.

हा हेल्पर कोण असतो, याचा विचार कम्युनिटी कॉलेजच्या शिक्षकांनी करणे आवश्यक आहे. तो बहुधा शाळा अर्धवट सोडून गॅरेजमध्ये शिरलेला, क्लीनर म्हणून काही वर्षे काढलेला तरुण असतो. काम तो पाहून पाहून शिकतो. दोर कोठे बांधायचा हे त्याला ठाऊक असते, पण त्या दोरावर किती भार येतो हे त्याला कोणी सांगितलेले नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली, तेव्हा स्थानिक गरजेनुसार कौशल्याचे अभ्यासक्रम आखावेत, अशीच अपेक्षा होती. वाहन-दुरुस्ती शिकविणाऱ्या महाविद्यालयांत या विषयाला स्थान मिळावे, यादृष्टीने येथे त्याची मूलतत्त्वे मांडली आहेत. लष्करात हे काम स्वतंत्र शिक्षणाचा विषय मानले जाते. इलेक्ट्रॉनिक्स व मेकॅनिकल इंजिनिअर्स या दलाचे मोठे महाविद्यालय सिकंदराबादलाच, म्हणजे आबिड्सपासून थोड्याच अंतरावर आहे. नागरी क्षेत्रात मात्र ही विद्या अद्याप उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी चालत आलेली आहे.

उचलणे वेगळे, ओढणे वेगळे

अवजड उचल गाडीवर सामान्यतः तीन साधने असतात : वर उचलण्यासाठी बूम असलेली क्रेन, आडवे ओढण्यासाठी विंच आणि बंद पडलेल्या वाहनाचे तोंड उचलून टोचन करून नेण्यासाठी मागील लिफ्ट. या तिन्हींची कामे एकमेकांत मिसळली की धोका सुरू होतो. क्रेनचा बूम हा सरळ खाली लोंबणाऱ्या वजनासाठी बनविलेला असतो. हूक गाडीला अडकवून बूमच्या दोराने तिला तिरपे ओढले, तर बूमवर आडवा ताण येतो. हा ताण त्याच्या रचनेत गृहीत धरलेला नसतो आणि भार-तक्त्यातही तो कोठे दाखविलेला नसतो. म्हणून वाहन खड्ड्यातून बाहेर काढायचे ते विंचने, आणि बूमने उचलायचे ते हूक भाराच्या बरोबर डोक्यावर आल्यानंतरच. हा एक नियम पाळला तरी निम्मे अनर्थ टळतील, असे म्हणण्यास हरकत नाही.

भारतातील शहरांत या कामासाठी पुष्कळदा ‘हायड्रा’ बोलावला जातो. तो मुळात कारखान्याच्या आवारात माल उचलून चालत नेण्यासाठी आहे. बहुतेक हायड्रांना बाजूचे आधारपाय नसतात, सर्व भार टायरवरच असतो. शिवाय भार बूमच्या टोकाला झुलत असतो आणि तो चालकाची समोरची दृष्टी अडवितो. त्यावर लिहिलेली बारा किंवा चौदा टनांची क्षमता ही बूम सर्वांत जवळ घेतल्यावरची असते. ती कोणत्याही स्थितीत मिळते असे समजणे चूक होय.

ओढ किती लागेल?

विंच सुरू करण्यापूर्वी ओढ किती लागेल याचा अंदाज करणे अनिवार्य आहे. यासाठी क्षेत्रावर वापरले जाणारे ठोकताळे सोपे आहेत. मोकळ्या चाकांवरील वाहन सपाट डांबरी रस्त्यावर हलविण्यास त्याच्या वजनाच्या सुमारे एक पंचविसांश ओढ पुरते. गवताळ जमिनीवर एक सप्तमांश, खडीवर एक पंचमांश, उथळ चिखलात एक तृतीयांश आणि चिकट दलदलीत निम्म्या वजनाइतकी ओढ लागते. चढ असेल तर वजनाला चढाच्या अंशांनी गुणून ६० ने भागावे आणि ते त्यात मिळवावे. १६ टनांचा ट्रक सपाट रस्त्यावर असेल तर ओढ ०.६४ टन. हाच ट्रक हनुमान टेकडीकडे चढणाऱ्या (हे नावच तेथील जुन्या मराठी वस्तीची आठवण देते) एखाद्या रस्त्यावर ५ अंश चढावर असेल, तर १.३३ टन अधिक, म्हणजे जवळजवळ २ टन.

चाके रुतलेली असतील तर हिशोब एकदम बदलतो. अमेरिकी लष्कराच्या पद्धतीनुसार चाकाच्या उंचीपर्यंत रुतलेल्या वाहनाला त्याच्या वजनाइतकी ओढ धरतात, मडगार्डपर्यंत रुतल्यास दुप्पट आणि केबिनपर्यंत रुतल्यास तिप्पट. म्हणजे ०.६४ टनांवरून आपण १६, ३२ आणि ४८ टनांवर पोहोचतो.

याहून महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा ब्रेकचा आहे. एअर ब्रेक असलेल्या वाहनातील हवा निघून गेली की स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात आणि मागील चाके जखडतात. सर्व चाके जखडलेला १६ टनांचा ट्रक कोरड्या डांबरावर घसटत ओढायचा तर सुमारे १० टन ओढ लागते. ब्रेक सोडले की तेच काम पाऊण टनाच्या आत होते. म्हणजे विंचची शक्ती वाढविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय पाना हाच आहे. मात्र त्याआधी चाकांखाली दोन्ही बाजूंनी ठोकळे लावलेले असले पाहिजेत. ठोकळ्यांविना ब्रेक सोडण्यासाठी गाडीखाली शिरलेला माणूस त्या गाडीच्या आणि उताराच्या दयेवर असतो.

दोर, पुली आणि आधार

विंचच्या ड्रमवर लिहिलेली ओढ पहिल्या थराची असते. २५० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमवर १६ मिलिमीटरचा दोर घेतल्यास पहिल्या थराचा मध्यव्यास २६६, तर चौथ्या थराचा ३६२ मिलिमीटर होतो. त्यामुळे पहिल्या थरावर १० टन ओढणारे विंच चौथ्या थरावर जेमतेम ७.३ टन ओढते. याउलट दोर पूर्ण सोडून देणेही घातक आहे, कारण दोराची पकड ड्रमवरील वेढ्यांच्या घर्षणाने टिकते. किमान तीन वेढे, आणि निर्मात्याने पाच सांगितले असतील तर पाच, ड्रमवर राहिलेच पाहिजेत.

जड ओढीसाठी फिरती पुली लावतात. १६ टनांच्या ओढीसाठी दोर अडकलेल्या वाहनावरील पुलीतून परत आणला, तर विंचवर ८ टन आणि घर्षणाचे थोडे अधिक येतात. येथेच एक मोठा गैरसमज होतो. दोराचे दुसरे टोक उचल गाडीलाच बांधले असेल, तर विंचवर भार निम्मा येतो, पण गाडीच्या चासीवर एकूण ओढ १६ टनांचीच राहते. २० टनांची गाडी ब्रेक लावून कोरड्या रस्त्यावर साधारण १२ टनांपर्यंतच घट्ट उभी राहू शकते, आणि पावसात त्याहूनही कमी. म्हणजे विंच थकणार नाही, दोर तुटणार नाही, पण गाडीच खड्ड्याकडे सरकू लागेल. दुसरे टोक स्वतंत्र आधाराला बांधले, तरच गाडीवरील ओढ ८ टनांवर येते. आबिड्ससारख्या ठिकाणी आधार शोधणे हाच प्रश्न आहे. विजेचा खांब, जुन्या इमारतीची भिंत किंवा दुभाजकाचे कठडे हे आधार नव्हेत. दुसरा भरलेला ट्रक ओढीच्या रेषेत उभा करणे हाच व्यवहार्य मार्ग असतो.

पुली ज्या साखळीने किंवा पट्ट्याने बांधली जाते, तिच्यावरील भारही समजून घ्यावा. दोर पुलीतून पूर्ण उलटा फिरत असेल तर बांधणीवर दोराच्या ताणाच्या दुप्पट भार येतो, काटकोनात वळत असेल तर १.४१ पट. डी-शॅकल घेताना त्यावर सुरक्षित भाराचा शिक्का आहे की नाही हे पाहावे. शिक्का नसलेले शॅकल कितीही जाड दिसले तरी वापरू नये, आणि त्याच्या पिनेच्या जागी साधा बोल्ट तर कदापि घालू नये.

ताणलेला दोर हा ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो. ताण दुप्पट झाला की त्यात साठलेली ऊर्जा चौपट होते. दोर तुटला किंवा हूक निसटला, तर तो डोळ्याला दिसण्यापूर्वी माणसापर्यंत पोहोचतो. म्हणून ओढ सुरू असताना ताणलेल्या दोराच्या लांबीइतक्या अंतरात कोणीही उभे राहू नये. पुली वापरली असेल तर दोराच्या दोन पदरांमधील कोनात तर मुळीच नाही, कारण पुली सुटली की ती त्याच कोनातून फेकली जाते. दोरावर जाड ताडपत्री किंवा वजनदार पोते टाकल्यास फटका मंदावतो, थांबत नाही. दोरावरून ओलांडणे आणि ड्रमवर दोर नीट बसावा म्हणून हाताने लोटणे या दोन सवयी नवशिक्यांना सर्वांत लवकर लागतात आणि बोटे याच सवयींमुळे जातात.

आडवी पडलेली बस सरळ करताना दोन दोर लागतात. एका बाजूने ओढणारा आणि विरुद्ध बाजूने रोखणारा. बस समतोलबिंदू ओलांडते तेव्हा ओढणारा दोर क्षणात ढिला पडतो आणि रोखणारा दोर नसेल तर ती चाकांवर आदळून पलीकडेही कोसळू शकते. प्रवासी बाहेर काढल्याची खात्री झाल्याशिवाय अर्थातच कोणताही दोर ताणू नये.

पाण्यातील वाहनाच्या बाबतीत उचलण्याआधी शोध येतो. २ ऑगस्ट २०१६ रोजी महाडजवळील सावित्री नदीवरील पूल वाहून गेला आणि राज्य परिवहनच्या दोन बस नदीत पडल्या. तेव्हा बसचा ठाव घेण्यासाठी ३०० किलोचे लोहचुंबक क्रेनने पाण्यात सोडावे लागले होते. भार कोठे आहे, किती आहे आणि कशात अडकला आहे हे कळल्याखेरीज क्रेनचा उपयोग नाही, हे त्या प्रसंगी सर्वांनी पाहिले.

क्रेन, तिचा तक्ता आणि पायाखालची जमीन

क्रेनची क्षमता टनांत सांगतात, पण ती वस्तुतः भार आणि अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. फिरत्या बैठकीच्या मध्यापासून ३ मीटर अंतरावर १० टन उचलणारी क्रेन ६ मीटरवर, केवळ तरफेच्या हिशोबाने, ५ टनच उचलेल. बूमचे स्वतःचे वजनही पुढे सरकत असल्याने प्रत्यक्षात याहूनही कमी. हे अंतर हुकाच्या सरळ रेषेत मोजावयाचे असते. भार वर घेतल्यावर बूम थोडा वाकतो आणि अंतर वाढते, हेही गृहीत धरावे. भार-तक्ता केबिनमध्ये वाचता येईल असा लावलेला हवा, आणि तो चालकाच्या भाषेत हवा. पट्ट्यांचा कोनही महत्त्वाचा आहे. दोन पट्ट्यांनी १० टन उचलताना पट्टे जमिनीशी ६० अंशांत असतील तर प्रत्येकावर ५.७७ टन येतात, ४५ अंशांत ७.०७ टन आणि ३० अंशांत पूर्ण १० टन. जागा अरुंद आहे म्हणून लहान पट्टे लावून कोन पसरट केला, की न दिसणारा भार वाढतो.

आधारपाय पूर्ण बाहेर काढणे हा नियम सर्वांना माहीत असतो. अडचण जमिनीची असते. २३ डिसेंबर २०२२ रोजी आबिड्सलगतच्या गोशामहलमधील चाकनवाडी येथे नाल्यावरील छत खचले आणि त्यावर उभी असलेली वाहने व भाजीच्या गाड्या आत कोसळल्या. त्या नाल्यावर बाजार भरत असे. वरून पाहणाऱ्याला तो रस्ताच वाटे. १९०८ च्या मुसी नदीच्या पुरानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने हैदराबादच्या सांडपाणी-व्यवस्थेची आखणी झाली. त्यानंतर शहर तिच्यावर चढत आणि पसरत गेले. तेव्हा या भागात पाय टेकण्याआधी मॅनहोलची झाकणे कोणत्या रेषेत आहेत, हे पाहून नाला कोठून जातो याचा अंदाज घ्यावा.

दाबाचे गणित असे : २० टनांची गाडी ८ टन उचलते तेव्हा एकूण २८ टन होतात. बूम एखाद्या कोपऱ्यावर आला की त्यातील तीन चतुर्थांश, म्हणजे २१ टन, एकाच पायावर येऊ शकतात. पायाचे ताट ३० सेंटिमीटर चौरस असेल, तर दाब चौरस मीटरला २३३ टन. खाली एक मीटर लांबी-रुंदीचा जाड, न वाकणारा ठोकळा घातला, तर तोच दाब २१ टन. पातळ फळी या कामी निरुपयोगी, कारण ती मध्येच मोडते आणि दाब पुन्हा लहान जागेवर येतो.

डोक्यावरील तारा

या भागात वर पाहणे खाली पाहण्याइतकेच आवश्यक आहे. नामपल्ली, गांधी भवन या स्थानकांजवळ मेट्रोचा उन्नत मार्ग रस्त्याच्या डोक्यावर आहे आणि तेथे बूमला उंचीच नाही. गल्ल्यांत विजेच्या तारा व केबलचे जाळे आहे. १७ ऑगस्ट २०२५ च्या रात्री हैदराबादच्या रामंतपूर भागात श्रीकृष्ण जन्माष्टमीच्या मिरवणुकीतील रथात विजेचा प्रवाह उतरला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. बूम हा रथाहून कितीतरी उंच जातो आणि तो पूर्ण लोखंडी असतो. अमेरिकेतील नियमानुसार ५० किलोव्होल्टपर्यंतच्या तारेपासून क्रेनचा कोणताही भाग किमान १० फूट, म्हणजे सुमारे ३ मीटर, दूर ठेवावा लागतो. वर्गात शिकविण्यास हे अंतर सोयीचे आहे. एवढी जागा नसेल तर वीजपुरवठा बंद करून घेणे हाच पर्याय. ‘ती केबल टीव्हीची आहे’ असे म्हणून पुढे जाऊ नये, कारण सैल केबल जिवंत तारेला टेकलेली असू शकते. बूम तारेला लागलाच, तर चालकाने केबिनमध्येच बसून राहावे आणि खालच्या कोणीही गाडीला हात लावू नये. आग लागल्यामुळे उतरणे भागच पडले, तर दोन्ही पाय जुळवून उडी मारावी आणि पाय न उचलता, सरकत दूर जावे.

खुणा

आबिड्सच्या रस्त्यावर एकाच कामावर दखनी, तेलुगू, मराठी आणि हिंदी बोलणारी माणसे असतात. त्यांच्याभोवती बघ्यांची गर्दी असते आणि त्यातील प्रत्येक जण सूचना देत असतो. इंजिनाच्या आवाजात ‘हौ’ आणि ‘नक्को’ यांतील फरकही ऐकू येत नाही. म्हणून तोंडी सूचनांवर काम चालविणे अयोग्य होय. ठरावीक हातखुणा एकाच माणसाने द्याव्यात, तो चालकाला सतत दिसला पाहिजे. दिसेनासा झाला की चालकाने काम थांबवावे. अपवाद फक्त ‘थांबा’ या खुणेचा. ती कोणीही द्यावी आणि चालकाने कारण न विचारता मानावी. सर्वांत नवख्या हेल्परला हा अधिकार आहे, हे त्याला पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगणे उपयुक्त ठरते.

टोचन करून नेताना

बंद वाहनाचे तोंड उचलले की उचल गाडीचे स्वतःचे पुढचे चाक हलके होते. मागील ॲक्सलच्या अडीच मीटर मागे ४ टन उचलले आणि दोन ॲक्सलमधील अंतर ५ मीटर असेल, तर पुढील ॲक्सलवरून २ टन कमी होतात. मुळात तेथे ५ टन असतील तर ३ उरतात. सुकाणू आणि पुढचे ब्रेक तेवढ्यावरच चालवायचे असतात. मागील चाके रस्त्यावर फिरत राहणार असतील तर प्रोपेलर शाफ्ट काढून ठेवावा, अन्यथा इंजिन बंद असल्याने वंगण न पोहोचून गिअरबॉक्स जळतो. हैदराबादेत २०१९ पासून विजेवर चालणाऱ्या बसही आल्या आहेत. त्यांना निर्मात्याने दाखविलेल्या जागीच हूक लावावा आणि उच्चदाबाचा प्रवाह तोडल्याशिवाय त्यांना हात लावू नये.

कायद्याची बाजू आणि वर्गातील काम

बेवारस किंवा अडथळा करणारे वाहन हटविण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२७ मध्ये आहे. ते कसे उचलावे, हे तेथे सांगितलेले नाही. कारखाने कायदा, १९४८ च्या कलम २९ नुसार उचल-यंत्रे, साखळ्या व दोर यांची सक्षम व्यक्तीकडून १२ महिन्यांतून किमान एकदा कसून तपासणी आवश्यक होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० लागू झाली आहे. रस्त्यावर दोन-तीन माणसांनिशी चालणारा उचल-व्यवसाय अशा तपासणीच्या जाळ्यात क्वचितच येतो. क्रेनच्या सुरक्षित वापरासाठी भारतीय मानक १३३६७ उपलब्ध आहे आणि ते महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असावे. चाचणीदेखील निर्धोक नसते. १ ऑगस्ट २०२० रोजी विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डमध्ये भार-चाचणी सुरू असतानाच क्रेन कोसळून ११ जण मरण पावले होते.

महाविद्यालयाकडे क्रेन नसली तरी यातील बराच भाग शिकविता येतो. पाच किलोचे दोन ताणकाटे, सुतळी, एक वीट आणि दोन लहान पुल्या एवढ्या साहित्यावर पट्ट्यांच्या कोनाचा प्रयोग होतो. वीट दोन सुतळ्यांनी टांगावी आणि सुतळ्या हळूहळू पसरट कराव्यात. काट्यावरील आकडा वाढताना विद्यार्थी स्वतः वाचतो तेव्हा ७.०७ टन हा आकडा त्याला पाठ करावा लागत नाही. फिरत्या पुलीचा प्रयोग करताना दोराचे दुसरे टोक एकदा ओढणाऱ्याच्याच स्टुलाला आणि एकदा खिडकीच्या गजाला बांधावे, म्हणजे चासीवरील भाराचा मुद्दा उलगडतो. आधारपायाच्या दाबासाठी ओल्या वाळूचे घमेले आणि खाली सपाट तळ असलेला जड डबा पुरतो. डबा प्रथम बाटलीच्या झाकणावर ठेवावा, मग फरशीच्या तुकड्यावर.

दोराच्या तपासणीसाठी मात्र खरा दोर हवा. एखाद्या उचल-व्यावसायिकाकडून टाकून दिलेला तुकडा मागून आणावा. दोराचा एक पदर पूर्ण एक वेढा घेतो तेवढ्या लांबीत सहा तारा, किंवा एकाच पदरात तीन तारा तुटलेल्या असतील, तर फिरता दोर बाद धरावा, असा अमेरिकी नियम आहे. हातमोजा घालून, कापसाचा बोळा दोरावरून फिरवीत विद्यार्थ्याने तुटक्या तारा मोजाव्यात. कापूस अडकतो तेथे तार तुटलेली असते. त्यानंतर पीळ मोडलेली जागा, चपटा भाग, गंज आणि आतील गाभा बाहेर आल्याची खूण शोधावी. मोजलेले आकडे वहीत तारखेसह लिहून घ्यावेत, आणि पुढील तुकडीला तोच तुकडा पुन्हा मोजण्यास द्यावा.